आधी विचारा, कोणता डास?

सिकंदराबादला रोनाल्ड रॉस दोन वर्षं डास फाडून पाहत होता. हिवतापाच्या रुग्णांचं रक्त प्यायलेले डास एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली जात होते आणि परजीवीचा मागमूस लागत नव्हता. हात तयार होता, नजर तीक्ष्ण होती. समोरचा डास मात्र चुकीचा होता. तो तपासत होता त्या करड्या आणि पट्टेदार डासांना आज आपण क्युलेक्स आणि एडिस म्हणतो, आणि माणसाच्या हिवतापाचा परजीवी त्यांच्या पोटात वाढतच नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे थोडे डास हाती लागले. हुसेन खान या रुग्णाचं रक्त त्यांना मिळालं आणि २० ऑगस्टला त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. तो डास अ‍ॅनॉफिलीस होता. हा दिवस आता जागतिक डास दिन म्हणून पाळतात, आणि शाळेच्या पुस्तकात त्यातलं ‘डासामुळे मलेरिया होतो’ एवढंच उरतं. रॉसला दोन वर्षं ज्यानं छळलं ते या वाक्यातून गळून जातं: मलेरिया होतो तो अमुक एका डासामुळे. ग्रामीण भारतात कीटकांतून पसरणाऱ्या परजीवी रोगांविरुद्ध गेल्या पाऊणशे वर्षांत काय जमलं आणि काय फसलं याचा हिशेब मांडला, तर बहुतेक वेळा या गळालेल्या शब्दापाशीच येऊन थांबावं लागतं. या लेखाचं म्हणणं तेवढंच आहे.

आधी हद्द आखून घेऊ. डेंगी आणि चिकुनगुनिया हे विषाणूंचे आजार, त्यामुळे ते इथे नाहीत. इथे परजीवी म्हणजे असा एकपेशीय जीव किंवा कृमी, की ज्याच्या आयुष्याचा एक टप्पा किड्यात आणि दुसरा माणसात पार पडतो. भारतातल्या खेड्यांत असे तीन रोग मुख्य आहेत. हिवतापाचा प्लास्मोडियम अ‍ॅनॉफिलीस डास वाहतो. हत्तीरोगाचा वुचेरेरिया हा धाग्यासारखा कृमी क्युलेक्स डास वाहतो. काळ्या आजाराचा लेशमानिया वाहते ती वाळूमाशी. आरोग्य खातं तिला सँडफ्लाय म्हणतं, आणि ती डासाहून कितीतरी लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. सरकारदरबारी तिन्ही रोग एकाच कार्यक्रमात बसतात आणि बोलण्यातही आपण ‘डास-मच्छर’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. राहणीत मात्र हे तिघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. क्युलेक्सला गटाराचं, सांडपाण्याचं सडकं पाणी लागतं. खेड्यातला हिवतापाचा डास बहुधा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: ओढ्याच्या कडेला, कालव्याच्या पाझरात, नुकत्याच लावणी झालेल्या बांधीत. वाळूमाशीला तर पाणीच लागत नाही. तिच्या अळ्या गोठ्यातल्या ओलसर, शेणामुताच्या मातीत वाढतात. म्हणून एखादं गाव चकाचक असूनही तापानं फणफणू शकतं. स्वच्छता आणि रोग यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही.

वाहकाचा विचार करताना दुसरी एक चूक सर्रास होते, ती म्हणजे डास मोजण्याची. डास फार झाले की रोग फार, हा समज चुकीचा नसला तरी अपुरा आहे. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर परजीवी डासाच्या अंगात पिकायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्यानंतरच तो डास, म्हणजे डासाची मादी, रोग देऊ शकते. मादीचं आयुष्यच काही आठवड्यांचं. तेव्हा धोका असतो तो म्हाताऱ्या मादीचा. समजा शंभर माद्यांपैकी रोज नव्वद टक्के जगतात. दहा दिवसांनी त्यांतल्या ३५ उरतील. आता घराच्या भिंतीवर कीटकनाशक मारल्यानं रोज जगणाऱ्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांवर आलं असं धरा; दहा दिवसांनी उरतील जेमतेम ३. रोजच्या मरणात वीस टक्क्यांची भर पडली आणि पिकलेल्या माद्या बारा पटींनी घटल्या. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हे गणित मांडलं आणि भिंतीवरच्या फवारणीला शास्त्रीय पाया मिळाला. पण या गणितात एक अट लपलेली आहे. डास भिंतीवर बसला पाहिजे. रक्त पिऊन जड झालेली मादी घरात, गोठ्यात की बाहेरच्या झुडपात विसावते, हे तिची जात ठरवते. ज्या जातीला घर नको असतं, तिच्यासाठी भिंत कितीही रंगवली तरी सगळं व्यर्थ.

भारताच्या मोहिमेचा चढउतार या अटीच्या उजेडात वाचायला हवा. १९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख त्यात मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये डीडीटीच्या फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. यश इतकं झपाट्यानं आलं, की १९५८ मध्ये नियंत्रणाच्या जागी थेट निर्मूलनाचा शब्द आला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली आणि मृत्यूंचा आकडा शून्य झाला. मग चित्र उलटायला लागलं. १९७६ साली ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि १९७७ मध्ये निर्मूलनाची भाषा गुंडाळून सुधारित योजना आणावी लागली. या घसरणीची कारणं सगळे सांगतात ती खरीच आहेत: पैसा आटला, यश आलंसं वाटून देखरेख सैल पडली, डीडीटी वेळेवर पोहोचेना, डास डीडीटी पचवायला शिकले. पण आधीचं यशसुद्धा नशिबाचा भाग होतं, हे फारसं कोणी बोलत नाही. मैदानी खेड्यांतला मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसिस हा घरात आणि गोठ्यात भिंतीवर विसावणारा डास आहे. डीडीटी जणू त्याच्यासाठीच बनलेलं होतं. जिथे हा डास होता तिथे रोग ओसरला. ईशान्येकडच्या जंगलात, जिथला वाहक माणसाला चावून लगेच बाहेर पडतो, तिथे हिवताप हटता हटला नाही. एका डासावर मिळालेला विजय आपण सगळ्या डासांवरचा विजय समजलो.

ही गोष्ट आधी कोणाला माहीत नव्हती असंही नाही. १९०१ मध्ये मलायातल्या क्लांग इथे माल्कम वॉटसन यांनी दलदल उपसून आणि जंगल तोडून हिवताप आटोक्यात आणला, कारण किनारपट्टीवरच्या तिथल्या वाहकाला सावलीतलं साचलेलं पाणी लागत होतं. तोच उपाय डोंगरातल्या रबराच्या मळ्यांत केला तेव्हा हिवताप वाढला. तिथला वाहक उन्हात चमकणाऱ्या निर्मळ झऱ्यांत वाढणारा होता, आणि झाडी तोडून माणसानंच त्याला ऊन मिळवून दिलं होतं. वॉटसन यांनी मग झरे जमिनीखालच्या नळांतून वाहून नेले. पुढे गुणसूत्रांचा अभ्यास सुरू झाल्यावर हे कोडं आणखी बारीक झालं. भारतात अ‍ॅनॉफिलीसच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या सहाच हिवतापाच्या मुख्य वाहक. पण डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं, की क्युलिसिफेसिस ही एक जात नसून दिसायला हुबेहूब सारख्या पाच जातींचा गट आहे. त्यांतली ‘बी’ मुख्यतः गुरांवर जगते आणि हिवताप फारसा वाहत नाही. फ्लुव्हिएटिलिस या ओढ्याकाठच्या डासाच्या गटात ‘एस’ ही माणसाचं रक्त शोधत घरात शिरणारी आणि तरबेज वाहक, तर ‘टी’ गुरांवर भागवणारी. भिंगातून दोघी सारख्याच दिसतात. ज्या तालुक्यात ‘टी’ आहे तिथे डासांचे थवे असूनही ताप नसेल, आणि ज्या पाड्यावर ‘एस’ आहे तिथे मूठभर डासही पुरेसे ठरतील.

महाराष्ट्रात हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं तर गडचिरोली. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगल, मधूनमधून धानाच्या बांध्या, बोड्या, बारमाही ओढे; क्युलिसिफेसिस आणि फ्लुव्हिएटिलिस दोघांनाही हवं ते सगळं इथे आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतल्या मातीच्या घराची एक भिंत जवळून पाहावी. पावसाळ्याच्या तोंडाशी फवारणीवाले येतात आणि पाठीवरच्या पंपातून भिंतीवर कीटकनाशकाचा थर चढवतात. तो थर काही महिने टिकावा असा हिशेब असतो. पण घरातली बाई भिंत सारवते. सण आला, लग्न निघालं, पावसानं पोपडे निघाले की शेणमातीचा किंवा पांढऱ्या मातीचा नवा हात फिरतो आणि औषध सारवणाखाली गाडलं जातं. तिच्या दृष्टीनं ती घर स्वच्छ ठेवते आहे, आणि तिचं चुकत नाही. फवारणीचा दिवस ठरवताना सारवणाचा दिवस कोणी विचारला नव्हता, एवढंच. पुढची अडचण खोल्यांची. देवघर आणि चूल यांच्यापाशी फवारायला घरचे नाखूश असतात, गोठा मात्र खुशाल दाखवतात. वाहक क्युलिसिफेसिस असेल तर गोठ्यातल्या फवारणीनं बरंच साधतं. फ्लुव्हिएटिलिसची ‘एस’ असेल तर आतली खोली सुटणं महागात पडतं. आणि धान पिकायला लागलं की माणसं घरात असतातच कुठे? रानडुकरांपासून पीक राखायला रात्रभर शेतातल्या माळ्यावर, उघड्यावर. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलातल्या मुक्कामाला. मच्छरदाणी घरात खुंटीला टांगलेली आणि माणूस शेतात, अशी ही ताटातूट आहे. ‘लोक मच्छरदाणी वापरत नाहीत’ असा शेरा अहवालात लिहिणं सोपं. त्यांच्या रात्रीचं वेळापत्रक समजून माळ्यावर टांगता येईल अशी मच्छरदाणी देणं अवघड.

बिहारच्या काळ्या आजाराचा इतिहास हाच मुद्दा वेगळ्या बाजूनं सांगतो. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला युरिया स्टिबामाइन हे औषध काढलं आणि असंख्य जीव वाचले, तरी रोग गेला नाही. तो जवळजवळ नाहीसा झाला तो १९६० च्या दशकात, आणि तेही काळ्या आजारासाठी कोणी काहीच केलेलं नसताना. हिवतापासाठी मारलेल्या डीडीटीनं भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी आयतीच मेली. हिवतापाची फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात उत्तर बिहारात काळा आजार परत आला. १९९२ मध्ये देशात ७७ हजारांवर रुग्ण आणि १,४०० वर मृत्यू नोंदले गेले. आयतं मिळालेलं यश कशामुळे मिळालं हे कोणी तपासलं नाही, म्हणून ते राखताही आलं नाही. पुढे पुन्हा डीडीटी मारली, पण वाळूमाशीनं तोवर ती पचवली होती. २०१५ च्या सुमारास कीटकनाशक बदललं, पंप बदलले, फवारणी कुठल्या उंचीपर्यंत आणि कुठल्या खोल्यांत करायची याचा विचार वाळूमाशीच्या सवयीवरून झाला, आणि जोडीला एकाच दिवसात देता येणारं इंजेक्शन आलं. २०२३ अखेर देशातल्या ६३३ बाधित ब्लॉकपैकी प्रत्येकात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठल्याचं सरकारनं जाहीर केलं. या सगळ्या लढाईत गप्पी मासे, अळीनाशक, कोरडा दिवस यांचा उपयोग शून्य होता, कारण शत्रू पाण्यात वाढतच नव्हता.

हत्तीरोगात चित्र पुन्हा उलटं होतं. क्युलेक्स हा सांडपाण्याचा डास, म्हणून इथे गटार हाच रणभूमीचा नकाशा. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे खणून सांडपाणी जमिनीत जिरवलं, उघडी गटारं बंद केली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव कमावलं. पुढे रोजगार हमीच्या कामांतून जिल्ह्यात शोषखड्ड्यांची मोठी मोहीम झाली. हत्तीरोगाच्या दृष्टीनं हे काम मोलाचं आहे, कारण क्युलेक्सच्या एखाद-दुसऱ्या चाव्यानं हा रोग होत नाही. वर्षानुवर्षं, अक्षरशः हजारो चावे बसावे लागतात, म्हणून डास निम्मे झाले तरी फरक पडतो. पण हाच नमुना उचलून भामरागडला नेला तर गाव कोरडं होईल आणि ओढ्याकाठचा हिवताप जागच्या जागी राहील. हत्तीरोगाचीही दुसरी तऱ्हा केरळात चेर्थळाला सापडते. तिथला कृमी निराळा आणि वाहक मॅन्सोनिया. या डासाच्या अळ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पिस्टिया वनस्पतीच्या मुळांना चिकटून हवा घेतात. तिथले लोक ही वनस्पती नारळाच्या खतासाठी तळ्यांत राखत. १९८० च्या दशकात पुद्दुचेरीच्या वाहक नियंत्रण संशोधन केंद्रानं तिथे तळ्यांतली वनस्पती काढून मत्स्यपालन सुरू करून दिलं. मासळीचे पैसे मिळू लागल्यावर तळं साफ ठेवणं हे आरोग्य खात्याचं काम न राहता तळ्याच्या मालकाचं झालं.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढा किड्यांचा अभ्यास कशाला? पक्की घरं, रस्ते, वीज, शिक्षण आलं की हे रोग आपोआप जातील. युरोपातून हिवताप असाच गेला. यात तथ्य आहे. भेगा नसलेल्या भिंतीत वाळूमाशीला थारा मिळत नाही आणि जाळीच्या खिडकीतून डास येत नाही. पण विकास म्हणजे नुसती घरं नव्हेत. कालवा आला की पाझर आला, पाझराबरोबर क्युलिसिफेसिस आला. राजस्थानच्या वाळवंटात कालव्याच्या पाठोपाठ हिवताप गेला. पणजीत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हिवताप जवळजवळ नव्हता. बांधकामांची लाट आली, स्लॅबवर पाणी साचलं, टाक्या उघड्या राहिल्या, कामाच्या शोधात दूरदूरहून मजूर आले, आणि १९८६ पासून तिथे हिवतापाची साथ उसळली. ती पसरवणाऱ्या डासाचं नाव स्टिफेन्साय, जो माणसानं साठवलेल्या पाण्यावरच जगतो. विकासामुळे सगळे वाहक जात नाहीत. एक वाहक जातो आणि त्याची जागा घ्यायला दुसरा येतो. कोणता जाणार आणि कोणता येणार हे आधी ओळखलं तर कालव्याचं अस्तर आणि टाकीचं झाकण वेळेवर करता येतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोग माणसात असतो, तेव्हा माणसालाच बरं करा; परजीवीच उरला नाही तर डास चावून चावून काय करणार? ओडिशाचा दाखला याच बाजूनं दिला जातो. तिथे ‘दमन’ या मोहिमेत दुर्गम पाड्यांवर सगळ्यांचंच रक्त तपासलं, ताप नसतानाही परजीवी बाळगणाऱ्यांना औषध दिलं, आणि २०१६ मधली सुमारे साडेचार लाख रुग्णांची संख्या २०१८ मध्ये ६६ हजारांच्या आसपास आली. हा मोठा पराक्रम आहे. पण त्याच काळात राज्यात कीटकनाशक भिनवलेल्या लाखो मच्छरदाण्या वाटल्या गेल्या, आणि तिथला मुख्य वाहक फ्लुव्हिएटिलिस रात्री घरात शिरून माणसालाच चावणारा असल्यामुळे त्या नेमक्या लागू पडल्या. तपासणीची लय बिघडल्यावर पुढे आकडे पुन्हा चढले, ते डास तिथेच होते म्हणून. औषधांच्याही मर्यादा आहेत. हिवतापाच्या परजीवीचा व्हायवॅक्स हा प्रकार यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उठतो. त्याला उखडायला चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरल्यावर उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात. हत्तीरोगात तर धडधाकट माणसाला वर्षातून एकदा गोळ्या गिळायला सांगायचं असतं. सार्वत्रिक औषधोपचाराला दोन दशकं झाली, २०१८–१९ मध्ये बिहारातलं अरवल आणि आपलं नागपूर अशा जिल्ह्यांपासून तीन औषधांचा एकत्रित डोसही सुरू झाला. तरी गोळी हातात घेणारे सगळे ती गिळत नाहीत. अंगात कृमी असलेल्याला गोळीनंतर गरगरतं, ताप येतो. तो कृमी मरत असल्याचा पुरावा असतो, पण गावात बातमी पसरते ती ‘गोळीनं आजारी पडला’ अशी. औषध हवंच. मात्र औषधातून सुटलेल्या माणसापासून शेजाऱ्याला वाचवण्याचं काम वाहकावरच्या इलाजालाच करावं लागतं.

तिसरा आक्षेप लसीचा. २०२१ मध्ये हिवतापाच्या पहिल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या लसीची जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, आणि ही दुसरी, आर-२१, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण ही लस फाल्सिपेरम या परजीवीच्या दुसऱ्या प्रकाराविरुद्धची, आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आखलेली. चार डोस घ्यावे लागतात आणि संरक्षण काळासोबत ओसरतं. भारतात व्हायवॅक्सचा वाटा मोठा आहे, त्यावर तिचा उपयोग नाही, आणि माळ्यावर राखण करणारा प्रौढ शेतकरी तिच्या हिशेबात नाही. लस आली म्हणून मच्छरदाणी काढता येत नाही, हे ती देणारे देशही जाणतात.

शेवटचा आक्षेप प्रशासनाचा आहे, आणि तो खासगीत नेहमी ऐकू येतो: प्रत्येक तालुक्याला वेगळा डास आणि वेगळा उपाय म्हटलं तर राष्ट्रीय कार्यक्रम चालणार कसा? सगळीकडे एकच नियम असेल तर निदान माल वेळेवर पोहोचतो. याला उत्तर नारू या कृमीच्या रोगाचं आहे. नारूचा वाहक सायक्लॉप्स हा कीटक नव्हे, पाण्यातला सूक्ष्म कवचधारी जीव. पण धडा तोच. औषध नव्हतं, लस नव्हती. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरतात आणि तेच पाणी पितात, या एका सवयीवर महाराष्ट्रासह सगळ्या बाधित राज्यांत कार्यक्रम उभा राहिला. विहिरींच्या पायऱ्या बंद करणं, पाणी दुपदरी फडक्यानं गाळणं, रुग्णाला पाण्यात उतरू न देणं. १९९६ च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तिथे नियम एकच होता, पण तो वाहक आणि माणूस कुठे भेटतात हे पाहून काढलेला होता. दुसरा दाखला श्रीलंकेचा. क्युलिसिफेसिस हाच तिथलाही मुख्य वाहक. १९६३ मध्ये अवघे १७ रुग्ण उरले, फवारणी थांबली, आणि दशक संपेपर्यंत लाखोंची साथ आली. पुढच्या खेपेला त्यांनी वाहकांवरची नजर ढळू दिली नाही आणि २०१६ मध्ये देश हिवतापमुक्त ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीला मन्नारमध्ये स्टिफेन्साय पहिल्यांदा सापडला. तो सापडला, कारण रुग्ण संपल्यावरही डास गोळा करणारी माणसं कामावर होती. तालुका पातळीवर माहिती लागते तीही फार नाही. इथला वाहक कोणता, तो कुठे विसावतो आणि कधी चावतो, त्या वेळी माणसं कुठे असतात, आणि कुठलं कीटकनाशक त्याच्यावर अजून चालतं. यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आशा कार्यकर्तीला आणि गावाला आधीच ठाऊक असतं. त्यांना कोणी विचारत नाही.

चौथा प्रश्न मात्र शास्त्रज्ञाशिवाय सुटत नाही, आणि तोच सर्वांत निकडीचा आहे. देशाच्या मोठ्या भागात क्युलिसिफेसिस डीडीटीला दाद देत नाही, महाराष्ट्रात तो मॅलॅथिऑनही पचवतो, आणि मच्छरदाण्यांमध्ये भिनवलेल्या पायरेथ्रॉइडलाही काही ठिकाणी सरावला आहे. शेतातल्या फवाऱ्यांचा यात हातभार आहे, कारण अळीला धानाच्या बांधीतच रसायनाची ओळख होते. हे तपासायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. पहाटे घराघरांत, गोठ्यांत टॉर्चच्या उजेडात भिंतीवरचे डास काचेच्या नळीनं तोंडानं ओढून गोळा करायचे, तासाला किती मिळाले ते लिहायचं, जात ओळखायची आणि काही डास औषध लावलेल्या कागदाच्या नळीत सोडून किती मेले ते पाहायचं. हिवताप कार्यालयात या माणसाच्या पदाचं नावही आहे, कीटक समाहारक. २०१५ मध्ये देशात ११ लाखांवर असलेले हिवतापाचे नोंदलेले रुग्ण २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास आले. २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणि २०३० मध्ये निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. आकडे असे उतरू लागले की खर्चाला कात्री लावताना पहिला बळी याच पदाचा जातो, कारण तो ना गोळी देतो ना सुई टोचतो, आणि रुग्णच नाहीत तर डास कशाला मोजायचे, असं वाटणं स्वाभाविक आहे. १९६५ मध्येही तसंच वाटलं होतं, श्रीलंकेत १९६३ मध्ये वाटलं होतं, आणि डीडीटी थांबली तेव्हा बिहारातही वाटलं असणार. गडचिरोलीच्या शेवटच्या पाड्यावर ज्या वर्षी रक्ताची एकही काचपट्टी पॉझिटिव्ह येणार नाही, त्या वर्षीही ओढ्याला पाणी असेल, धान राखायला माळा बांधलेला असेल आणि भिंतीला सारवण लागलेलं असेल. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कीटक समाहारकाचा पगार आहे की नाही, हे पाहून निर्मूलन टिकणार की नाही ते सांगता येईल.